पडद्यावरचा अरब

परवां दिवेलागणीच्या सुमारास आमच्या दिवाणखान्यांत मोठी चकमक चालली होती. धाकटा पुतण्या संगणकासमोर बसून बंदुका झाडीत होता, आणि पडद्यावर पिवळ्या धुळीनें भरलेल्या गल्ल्यांतून डोक्याला फडकीं गुंडाळलेले इसम पटापट कोसळत होते. आमचे तीर्थरूप जवळच आरामखुर्चीवर बसले होते. त्यांनीं चष्मा कपाळावर सरकवून विचारलें, "काय रे, हे लोक कोण?"

"अरब, आजोबा."

"कोणत्या देशाचे? कोणत्या गांवचे?"

पुतण्या थबकला. "तें कांहीं सांगितलेलें नाहीं. अरबच आहेत."

"मग त्यांच्याशीं तुझें भांडण तरी काय?"

ह्या प्रश्नाला त्याला उत्तर सुचेना. घरांतील मंडळी हंसली आणि पानें वाढल्याची हांक आल्यावर विषय तेथेंच राहिला. परंतु मला तो सोडवेना. कारण दोष मुलाच्या अज्ञानाचा नव्हता. तो खेळत होता तो ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेंतील २००७ सालचा ‘मॉडर्न वॉरफेअर’ हा खेळ. त्यांतील अरब देशाला खेळ रचणारांनीं नांवच दिलेलें नाहीं. त्याच मालिकेच्या २००९ सालच्या भागांत कराची शहर आहे. १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्यांत मोडत होतें तेंच हें कराची. तेथील दुकानांवरील पाट्या मात्र उर्दूंत नसून अरबींत आहेत! दोन्ही भाषांची लिपी मिळतीजुळती, तेव्हां चालून जाईल असा हिशेब असावा. उद्यां कोणी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर नेपाळी पाट्या लावून ‘हें पुणें’ म्हणून दाखविलें, तर आपणांस कसें वाटेल?

प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाचे अभ्यासक व्हिट शिस्लर यांनीं २००८ साली अशा खेळांवर एक निबंध प्रसिद्ध केला. युरोप-अमेरिकेंतील खेळांत अरब व मुसलमान मुख्यतः दोन रूपांनीं येतात, असें त्यांना आढळलें. एक, जादूचे दिवे आणि राजवाडे यांच्या स्वप्नसृष्टींतला. आणि दुसरा, आजच्या युद्धांतला चेहरा नसलेला शत्रू. शाळेंत जाणारा, दुकान चालविणारा, मुलीच्या लग्नाची काळजी करणारा अरब ह्या दोहोंच्या मधोमध कोठें तरी हरवतो.

हे सांचे खेळांनीं निर्माण केले नाहींत. ते चित्रपटांकडून वारशानें आलेले आहेत. १९२१ सालच्या ‘द शेख’ ह्या मूकपटांत वाळवंटांतील एक शेख इंग्रज तरुणीला पळवून नेतो आणि पुढें दोघांचें प्रेम जमतें. मात्र शेवटीं उघड होतें कीं, हा शेख मुळीं अरब नव्हेच. त्याचा पिता इंग्रज आणि माता स्पॅनिश! नायक अरब असणें त्या काळच्या प्रेक्षकांना रुचणार नाहीं, ह्या भीतीची ही पळवाट होती. (भूमिका करणारे रूडॉल्फ व्हॅलेंटिनो हे जन्मानें इटालियन.)

‘अल्लाउद्दीन आणि जादूचा दिवा’ ही गोष्ट तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींमुळें आपल्या घराघरांत पोंचलेली आहे. डिस्ने कंपनीनें १९९२ साली तिचा चित्रपट केला. त्याच्या आरंभींच्या गीतांत, ह्या देशांत तोंड आवडलें नाहीं तर कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेंतील अरब नागरिकांनीं तक्रार केल्यावर १९९३ सालीं घरीं पाहावयाच्या आवृत्तींत ती बदलण्यांत आली. पण त्या भूमीला रानटी ठरविणारा शब्द राहिला तो राहिलाच. २०१९ सालच्या नव्या चित्रपटांत तोही गेला. एका शब्दाला सव्वीस वर्षें लागलीं! गंमत अशी कीं, फ्रेंच पंडित आंत्वान गालां यांच्यापाशीं असलेल्या अरबी हस्तलिखितांत ही गोष्ट नव्हतीच. १७०९ सालीं पॅरिसमध्यें हन्ना दियाब नांवाच्या अलेप्पोच्या तरुणानें ती त्यांना सांगितली. तींतील अल्लाउद्दीन चीन देशांत राहातो, आणि ती सांगणारा अरब धर्मानें ख्रिस्ती होता.

येथें दुसरा घोटाळा लक्षांत येतो. अरब हें भाषेचें व वंशाचें नांव. मुसलमान हें धर्माचें. एकट्या इंडोनेशियांत वीस कोटींहून अधिक मुसलमान आहेत आणि ते अरब नव्हेत. आपल्या रत्नागिरीकडचा कोंकणी मुसलमानही अरब नव्हे. पडदा मात्र हे सर्व एकाच गाठोड्यांत बांधतो.

लेबनॉनहून अमेरिकेंत आलेल्या कुटुंबांत जन्मलेले प्राध्यापक जॅक शाहीन यांनीं नऊशेंहून अधिक चित्रपट तपासून २००१ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अरबांचें चांगलें चित्रण त्यांना जेमतेम डझनभर चित्रपटांत सांपडलें. ही बेपर्वाई किती खोलवर गेली आहे याचा दाखला २०१५ सालीं मिळाला. ‘होमलँड’ ह्या अमेरिकन मालिकेसाठीं बर्लिन येथें सीरियन निर्वासितांची छावणी उभारली होती. देखावा खरा वाटावा म्हणून भिंतींवर अरबी मजकूर लिहिण्यास तिघां कलावंतांना बोलाविलें. त्यांनीं चक्क ‘ही मालिका वंशद्वेषी आहे’ असें अरबींत लिहून ठेवलें! निर्मात्यांपैकीं कोणालाच तें वाचतां आलें नाहीं, आणि तो मजकूर जसाच्या तसा जगभर दाखविला गेला.

आतां कोणी म्हणेल, ही करमणूक आहे. तिचें एवढें काय मनावर घ्यावयाचें? घ्यावें लागतें, कारण हे सांचे पडद्यावरून रस्त्यावर उतरतात. १९ एप्रिल १९९५ रोजीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरांत स्फोट होऊन १६८ माणसें मेलीं, तेव्हां पहिला संशय अरबांवर गेला. गुन्हेगार निघाला अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेला त्याच देशाचा एक तरुण. १५ सप्टेंबर २००१ रोजीं ॲरिझोनांत एका शीख पेट्रोलपंपवाल्याला गोळी घालून ठार केलें गेलें. त्याचा अपराध एवढाच कीं, दाढी आणि पागोटें मारेकऱ्याच्या मनांतल्या चित्राशीं जुळलें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहशतवाद काय खोटा आहे? मुंबई विसरली काय? मुळींच नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र ज्यानें दूरदर्शनसमोर जागून काढली, तो ती जन्मांत विसरणार नाहीं. परंतु त्या हल्ल्यांत बळी पडलेल्यांत मुसलमानही होते. आणि मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानांत जागा देण्यास मुंबईच्या मुसलमान विश्वस्तांनींच नकार दिला, हेंही तितकेंच खरें आहे. अर्धी गोष्ट पुनःपुन्हां सांगितली कीं ती संपूर्ण गोष्टीसारखी वाटूं लागते. कधीं तर ती उलटीही केली जाते. १९९१ सालीं कुवेतहून माघार घेणाऱ्या इराकी सैन्यावर अमेरिका व तिच्या मित्रांच्या विमानांनीं महामार्गावर बाँब टाकले. तो मार्ग ‘मृत्यूचा महामार्ग’ म्हणून ओळखला जातो. २०१९ सालच्या ‘मॉडर्न वॉरफेअर’ खेळांत हेंच नांव एका कल्पित देशांतील रस्त्याला देऊन त्यावरील संहार रशियनांच्या माथीं मारला आहे.

निराळें करतां येतें, हें आपल्याच पुण्यांत सिद्ध झालेलें आहे. प्रभात कंपनीच्या ‘शेजारी’ ह्या १९४१ सालच्या बोलपटांत एक हिंदु आणि एक मुसलमान म्हातारा बुद्धिबळें खेळतात, भांडतात आणि शेवटीं एकत्रच मरण पावतात. हिंदी आवृत्तींत व्ही. शांताराम यांनीं हिंदूची भूमिका मझहर खान यांना आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांना दिली होती. खेळांतही बदल दिसूं लागला आहे. २०२३ सालच्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ मध्यें नवव्या शतकांतील बगदाद उभें केलें आहे, आणि तो खेळ अरबी भाषेंतही खेळतां येतो.

मुलांच्या हातून खेळ काढून घ्यावा, असें मी म्हणणार नाहीं. तें आतां शक्यही नाहीं. परंतु आजोबांनीं विचारलेला प्रश्न प्रत्येक घरांत विचारतां येईल. आमच्या घरीं मीं हा दुसरा खेळ आणून दिला. चारच दिवसांनीं तीर्थरूपांनीं पुन्हां चष्मा वर सरकवला. "आज कोण रे? कोणत्या गांवचे?"

"बगदादचे, आजोबा. इथें एक मोठें ग्रंथालय आहे, ज्ञानमंदिर म्हणतात त्याला."

"मग तेथें अल् ख्वारिझ्मी भेटतो का पाहा. आपले अंक कसे मांडावे ह्यावर त्यानें पुस्तक लिहिलें होतें. तुमच्या संगणकवाल्यांचा तो ‘अल्गोरिदम’ शब्द आहे ना, तो त्याच्याच नांवावरून आला."

पुतण्यानें खेळ थांबविला आणि आजोबांनीं खुर्ची जरा पुढें ओढली.