रेव्हिटमधला स्कोप बॉक्स: एक चौकट, ८१ ड्रॉइंग आणि एक हरवलेला शाफ्ट

गावाला निघण्याआधी गुगल मॅप्सवर ऑफलाइन मॅप डाउनलोड केलाय का कधी? स्क्रीनवर एक चौकोन येतो. तो आपण लहान-मोठा करतो आणि सांगतो, एवढाच भाग मला दे. चौकोनाबाहेर राहिलेला रस्ता जगातून गायब होत नाही, पण घाटात रेंज गेली की तुमच्यापुरता तो नसतोच.

इमारतींची मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असाच एक चौकोन असतो. त्याला म्हणतात स्कोप बॉक्स. तो न वापरल्यामुळे एका हॉस्पिटलच्या पाचव्या मजल्याचा तयार स्लॅब कापावा लागला होता. ज्या पीडीएफ बघून तो स्लॅब भरला, त्या माझ्या कोडने काढल्या होत्या.

मॉडेल एकच, खिडक्या अनेक

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बांधकामाशी माझा संबंध घराच्या पीओपीपुरताच. पण नोकरीत रेव्हिटसाठी प्लगइन लिहायचं काम आलं आणि मी या जगात आलो. रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० साली आली, २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी विकत घेतली. आज बीआयएम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी आधी रेव्हिटच येतं. आपल्याकडे नागपूर मेट्रोचं काम बीआयएम वापरून झालं, ते तुम्ही वाचलं असेल.

ऑटोकॅडमध्ये तुम्ही रेषा काढता. रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत असते: तिला उंची, जाडी, मटेरियल सगळं असतं. अख्खी इमारत एकाच मॉडेलमध्ये बसते, आणि प्लॅन, सेक्शन, इलेव्हेशन हे त्या मॉडेलकडे बघायच्या खिडक्या असतात. त्यांना व्ह्यू म्हणतात. भिंत सरकवली की सगळ्या खिडक्यांतून ती सरकलेली दिसते. हे भारीच आहे. अडचण अशी की प्रत्येक खिडकी किती मोठी हे ज्याचं त्याचं स्वतंत्र असतं. या कडेला क्रॉप रीजन म्हणतात. गॅलरीत फोटो क्रॉप करता तसंच, फक्त मूळ फोटो शाबूत राहतो.

आता कागदाचा हिशोब बघा. ए१ शीट ८४१ × ५९४ मिलिमीटरचं असतं. १:१०० स्केलवर त्यात जेमतेम ८४ मीटर लांबीची इमारत मावेल, आणि समास, टायटल ब्लॉक वगैरे वजा केले तर त्याहून कमी. आमचं हॉस्पिटल १३० मीटर लांब होतं, शिवाय एका टोकाला ३० अंशात तिरकी गेलेली एक विंग. म्हणून प्रत्येक मजल्याचे तीन तुकडे केले: झोन ए, बी आणि सी. मजले ९, म्हणजे २७ प्लॅन. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि एमईपी यांचे वेगवेगळे, म्हणजे ८१.

८१ खिडक्या, आणि प्रत्येकीचं क्रॉप हाताने ओढून बसवलेलं.

दीड मीटरची पट्टी

पाचव्या मजल्याच्या स्ट्रक्चर प्लॅनमध्ये कुणालातरी शीटवर नोट्ससाठी जागा हवी होती. त्याने झोन एची उजवी कड दीड मीटर आत ढकलली. शीट छान दिसू लागलं. झोन बी जिथून सुरू व्हायचा तिथूनच सुरू होत होता, दोन्ही झोन एकमेकांवर थोडेसुद्धा चढवलेले नव्हते. त्यामुळे मध्ये दीड मीटरची एक पट्टी अशी उरली की ती कोणत्याच शीटवर नाही. त्या पट्टीत पाइपांचा ६०० × ९०० मिलिमीटरचा एक शाफ्ट होता.

मॉडेलमध्ये तो होता, बरं का. थ्रीडीत बघितलं तर व्यवस्थित दिसायचा. पण साइटवर कुणी मॉडेल बघत नाही, फोनवर आलेली पीडीएफ बघतात. तिथल्या इंजिनिअरला वाटलं शाफ्ट चौथ्या मजल्यावरच संपतो. सळया बांधल्या, काँक्रीट पडलं. प्लंबिंगवाले पाइप घेऊन वर आले तेव्हा डोक्यावर सलग स्लॅब. मग कोअर कटर आणून स्लॅब कापला, कापलेल्या सळयांमुळे कडेला मजबुतीकरण करावं लागलं, आणि ते सगळं स्ट्रक्चरल कन्सल्टंटने पुन्हा तपासेपर्यंत तिथलं काम थांबलं.

माझं प्लगइन शीट नंबर तपासायचं, नावं तपासायचं, रिव्हिजन तपासायचं. क्रॉप तपासायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. चुकीच्या ड्रॉइंगच्या पीडीएफ त्याने अगदी बिनचूक काढल्या.

मग हा बॉक्स करतो काय?

स्कोप बॉक्स म्हणजे मॉडेलमध्ये ठेवलेली एक अदृश्य पेटी. ती बनवायला कुठलाही प्लॅन उघडा, व्ह्यू टॅबमध्ये स्कोप बॉक्स निवडा, वर ऑप्शन्स बारमध्ये नाव आणि उंची टाका, आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढा. पेटी प्लॅनमध्येच बनते. नंतर थ्रीडी किंवा इलेव्हेशनमध्ये जाऊन तिची उंची कमी-जास्त करता येते.

आता एखाद्या प्लॅनच्या प्रॉपर्टीजमध्ये एक्सटेंट्सखाली स्कोप बॉक्स नावाची ओळ असते. तिथे ही पेटी निवडली की त्या प्लॅनचं क्रॉप पेटीच्या मापाचं होतं, आणि मुख्य म्हणजे मग ते हाताने ओढता येत नाही. नोट्ससाठी जागा हवी? शीटवर दुसरीकडे शोधा. मला स्कोप बॉक्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. ट्युटोरियलवाले वेळ वाचतो म्हणतात, वाचतो खरा, पण गोष्ट वेळेची नाहीच.

प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये झोन एचे सगळे २७ प्लॅन कंट्रोल दाबून एकत्र निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये एकदाच पेटी लावा, झालं. हे झोनचे प्लॅन डुप्लिकेट अ‍ॅज डिपेंडंट करून बनवलेले असतील तर आणखी बरं, कारण मुख्य प्लॅनमध्ये लिहिलेली डायमेन्शन्स आणि टॅग त्यांच्यात आपोआप येतात.

तिरक्या विंगचा प्रश्नही इथेच सुटतो. पेटी प्लॅनमध्ये फिरवता येते. ३० अंशात फिरवलेली पेटी व्ह्यूला लावली की अख्खा व्ह्यू फिरतो आणि विंग शीटवर सरळ बसते. मॉडेल जागचं हलत नाही, फक्त बघणारा मान वाकडी करतो, असं समजा.

मर्यादा एकच सांगतो: पेटी कायम आयताकृतीच. एल आकाराचा झोन हवा असेल तर दोन पेट्या करा, नाहीतर त्या एका व्ह्यूपुरतं हाताने क्रॉप करा.

ग्रिड लाइन कुठे गेली?

स्कोप बॉक्सचं दुसरं काम लोकांना जास्त गोंधळात टाकतं. ग्रिड, लेव्हल आणि रेफरन्स प्लेन यांनाही पेटी लावता येते. ग्रिड म्हणजे कॉलमच्या रांगांना १, २, ३ आणि ए, बी, सी अशी नावं देणाऱ्या रेषा. साइटवर सगळी मापं त्यांच्यापासून घेतात. ग्रिडला पेटी लावली की रेषा पेटीच्या कडांपर्यंतच जाते, आणि ज्या व्ह्यूची पातळी पेटीला छेदते त्याच व्ह्यूमध्ये दिसते.

याचा उपयोग बघा. दोन टॉवर, खाली एकच पार्किंग. पार्किंगच्या कॉलमचे ग्रिड विसाव्या मजल्याच्या प्लॅनमध्ये कशाला हवेत? पार्किंगच्या ग्रिडला पार्किंगएवढ्याच उंचीची पेटी लावा, वरचे प्लॅन मोकळे.

आणि गोंधळ असा: क्लायंट एक मजला वाढवतो, नवीन लेव्हल येते, आणि त्या मजल्यावर ग्रिडच नाहीत. नवीन मुलं घाबरून ग्रिड पुन्हा काढतात. कृपया असं करू नका, एकाच जागी दोन ग्रिड झाले तर पुढे फार मनस्ताप होतो. पेटीची उंची कमी पडलेली असते, ती वर ओढली की ग्रिड हजर. तरीही दिसला नाही तर पेटी निवडून प्रॉपर्टीजमध्ये व्ह्यूज व्हिजिबल उघडा. कोणत्या व्ह्यूमध्ये ती दिसते आणि कुठे कुणी मुद्दाम लपवली आहे, याचा तक्ता तिथे मिळतो.

ग्रिडसाठीच्या पेट्या आणि व्ह्यूसाठीच्या पेट्या आम्ही वेगळ्या ठेवतो. नावाच्या सुरुवातीलाच ग्रिड किंवा व्ह्यू असं लिहितो, म्हणजे यादीतून निवडताना चूक होत नाही. ‘स्कोप बॉक्स ७’ असं नाव सहा महिन्यांनी तुम्हालाही कळणार नाही.

नंतर आम्ही काय बदललं

तीन झोनच्या तीन पेट्या केल्या. शेजारच्या पेट्या एकमेकींवर दोन मीटर चढवल्या आणि मधल्या ग्रिडवर मॅचलाइन काढली. आता एखादी गोष्ट शीटवर दोनदा दिसते, पण सुटत नाही.

पेट्यांना पिन मारून ठेवल्या. हे विसरू नका, कारण हीच सोय उलटते. एकदा आमच्या इंटर्नने पेटी चुकून निवडली आणि अ‍ॅरो की दाबली. एका झटक्यात २७ शीट सरकली. कंट्रोल झेड होतं म्हणून निभावलं.

प्लगइनमध्येही भर घातली. गंमत म्हणजे प्रोग्रामिंग करताना रेव्हिट या पेटीला स्कोप बॉक्स म्हणतच नाही, आतलं नाव आहे व्हॉल्यूम ऑफ इंटरेस्ट. ते सापडेपर्यंत माझी एक दुपार गेली. आता पीडीएफ काढण्याआधी कोड प्रत्येक प्लॅनला विचारतो, तुला पेटी लावलीये का? नसेल तर ते नाव लाल यादीत येतं आणि प्रिंट थांबते. पहिल्यांदा चालवलं तेव्हा ८१ पैकी १४ नावं लाल होती.

तुम्हाला करून बघायचं असेल तर रेव्हिट फोनवर चालत नाही, विंडोजचा पीसी लागतो. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क एक वर्षाचा फुकट अ‍ॅक्सेस देते, पात्र असाल तर दरवर्षी वाढवूनही मिळतो. आणि तुम्ही साइटवर असाल, ड्रॉइंग फोनवर येत असतील, तर शेजारच्या झोनच्या दोन्ही पीडीएफ उघडा आणि मॅचलाइनजवळचे ग्रिडचे नंबर जुळवा. एकीत ७ पर्यंत दिसतंय आणि दुसरी ८ पासून सुरू होतेय, तर काँक्रीटच्या आधी ऑफिसला फोन लावा.