रुपेरी गाडीला पॉलिश कोणते, मेण कोणते?



वार्षिक सभेच्या दिवशी कार्यालयापुढच्या मोकळ्या जागेत आता चारचाकी गाड्यांची मोठी रांग लागते. तीत रुपेरी, फिक्या राखाडी, मोतिया अशा चकाकत्या रंगांच्या गाड्या पुष्कळ असतात. यातली बरीचशी वाहने उसाच्या बिलातून, हप्ते फेडीत, पोटाला चिमटा घेऊन घेतलेली. ती जपावीत असे कुणाला वाटणार नाही? पण जपण्याच्या नादातच गाडीचा रंग मातीमोल कसा होतो, हे आम्ही वाहन विभागातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे. तेव्हा आधी आमची चूक सांगतो आणि मग माहितीकडे वळतो.

आमचीच चूक

शेतकी विभागाकडे रुपेरी रंगाची एक जीप आहे. दर दसऱ्याला पूजेच्या आधी ती तालुक्याच्या गावी एका गॅरेजात पॉलिशला जाई. मशीनला लोकरीची गादी लावून, रबिंग कंपाऊंडने घासून मिळे. परत आली की आरशासारखी दिसे. आम्ही खूष, साहेब खूष.

चार वर्षे असे चालले. पाचव्या पावसाळ्यानंतर बॉनेटवर आणि टपावर पांढुरके डाग दिसू लागले. आम्हाला वाटले, बोअरच्या पाण्याचे असतील. घासले, पण गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी कांद्याच्या पातळ सालीसारखे पापुद्रे सुटू लागले. रंगाऱ्याला दाखविले. तो म्हणाला, "साहेब, वरचं वार्निश संपलंय. आता पॉलिशनं काय होणार? बॉनेट अन् टप नव्यानंच रंगवायला लागंल." एवढ्यावरही भागले नाही. नवा रुपेरी रंग जुन्याशी जुळेना, म्हणून बॉनेटशेजारची दोन्ही मडगार्डेही रंगवावी लागली. हा खर्च कारखान्याचा, म्हणजे अखेर तुमचाच. गॅरेजवाल्याला बोल लावून उपयोग नाही. चकाकी हवी म्हणून दरवर्षी गाडी आम्हीच धाडली होती.

रंगाचे थर किती?

जुन्या अँबेसिडरला किंवा जुन्या जीपला साधा रंग असे. वरपासून प्रायमरपर्यंत एकच रंग. उन्हाने त्याचा वरचा भाग खडूसारखा मरे. कंपाऊंडने तो घासून काढला की खालचा ताजा रंग वर येई आणि फडक्याला रंग लागे. 'कंपाऊंड मारले की गाडी नवी' ही समजूत त्या काळची आहे आणि त्या रंगापुरती ती खरीही होती. ट्रॅक्टरच्या बॉनेटला अजूनही पुष्कळदा असाच साधा रंग असतो. तेथे हलके कंपाऊंड चालते.

मेटॅलिक रंगाची गोष्ट निराळी. पत्र्यावर गंज रोखणारा प्रायमर, त्यावर पृष्ठभाग सारखा करणारा थर, त्यावर रंगाचा अगदी पातळ थर. या रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक सपाट चकत्या असतात. माशाच्या खवल्यांसारख्या त्या आडव्या पडतात आणि प्रकाश परत फेकतात. रुपेरी चमक ती हीच. मोतिया रंगात हे काम अभ्रकाच्या चकत्या करतात. या सर्वांवर रंग नसलेल्या पारदर्शक वार्निशचा थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात.

हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या वार्निशवर गाडीचे सारे रूप टिकून आहे, ते केसाहूनही पातळ! उन्हातील जहाल किरण अडविणारी द्रव्ये याच थरात असतात. दरवर्षी थोडे थोडे खरवडत गेले की ऊन खालपर्यंत पोचते, वार्निशची पकड सुटते आणि पापुद्रे निघतात. रानातली वरची काळी माती एकदा वाहून गेली की परत येत नाही, तसेच हे.

नवा रंग जुळत का नाही, तेही सांगतो. रुपेरी छटा चकत्या कशा पडल्या यावर ठरते. फवाऱ्याचा दाब, अंतर, रंग किती पातळ केला, यात थोडा फरक पडला तरी त्याच नंबरच्या डब्यातला रंग उजळ किंवा काळसर दिसतो. म्हणून रंगारी शेजारच्या भागावर तो विरवत नेतो. सांगायचे एवढेच, की रुपेरी गाडीचा मूळ रंग गेला तर तो सहजासहजी परत मिळत नाही आणि जुनी गाडी विकताना घेणारा नेमके तेथेच बोट ठेवतो.

पॉलिश खरवडते, मेण झाकते

आपल्या उसाकडेच पाहा. कांड्यावर, विशेषतः गाठीच्या खाली, बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागते. ते उसाचे मेण. पाणी आणि ऊन यांपासून कांडे जपण्यासाठी ऊस ते अंगावर धरतो. गाळपात हे मेण रसाबरोबर उतरते आणि बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. प्रेसमडमधून ते काढताही येते आणि शुद्ध केल्यावर पॉलिशच्या धंद्यात उपयोगी पडते. मोटारीसाठी नावाजलेले कार्नौबा मेणही असेच, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून झाडून काढलेले असते.

मेणाचे काम झाकण्याचे. ते वार्निशचा कणही काढीत नाही, उलट आपला पातळ थर वर चढवते. सीलंट नावाने जे मिळते ते रसायनांपासून केलेले, पण काम मेणाचेच. कार्नौबा आपल्याकडच्या उन्हात दीड-दोन महिने टिकले तर पुष्कळ. चांगले सीलंट चार-सहा महिने जाते.

पॉलिशचे काम याच्या उलट. त्यात बारीक कण असतात, ते वार्निश खरवडून गुळगुळीत करतात. रबिंग कंपाऊंड म्हणजे जाड कणांचे पॉलिश. 'स्क्रॅच रिमूव्हर' हेही पॉलिशच. 'क्लीनर वॅक्स' यात मेण आणि घासणारे द्रव्य दोन्ही असते. 'ग्लेझ' नुसते तेलकट भरण घालून ओरखडे झाकते, दोन-चार धुण्यांत उघडे पडते. दुकानदार मात्र सगळ्यालाच 'पॉलिश' म्हणतो. घोटाळा होतो तो येथे.

फिक्या रंगाचा स्वभाव

काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. रुपेरी गाडीवर तेवढेच ओरखडे असले तरी चकत्यांच्या लखलखाटात ते नजरेत भरत नाहीत. आता विचार करा. घासून जे घालवायचे ते मुळात दिसतच नाही. पण वार्निश मात्र काळ्या गाडीइतकेच झिजते. म्हणजे फिक्या मेटॅलिक रंगाला पॉलिश केल्याने फायदा थोडा आणि तोटा पुरा.

फिक्या रंगावर डोळ्यांत खुपतात त्या गोष्टी निराळ्या : चाकाने उडालेल्या डांबराचे काळे थेंब, ब्रेकमधून सुटलेल्या लोखंडी कणांचे नारिंगी ठिपके, झाडाचा चीक, मोलॅसिसचे शिंतोडे. हे सगळे वार्निशच्या वर बसलेले असते. ते विरघळवून किंवा उचलून काढायचे, घासून नव्हे. मोलॅसिसला कोमट पाणी पुरते. डांबराला टार रिमूव्हर, नाहीतर फडक्यावर थोडे रॉकेल, आणि लगेच शाम्पूने धुणे. लोखंडी ठिपक्यांसाठी मोटारीच्या दुकानात मिळणारी क्ले, म्हणजे मऊ मातीसारखा गोळा, ओल्या पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवावा.

फिका रंग धूळही झाकतो, म्हणून वरचे मेण संपल्याचे लक्षात येत नाही. त्यासाठी धुताना पाणी पाहावे. थेंब गोल होऊन पळाले तर मेण आहे. पाणी चादरीसारखे पसरून बसून राहिले तर मेण गेले.

दुकानात काय मागावे?

१. रुपेरी, राखाडी, मोतिया गाडीसाठी घासणारे कण नसलेले सीलंट किंवा मेण मागावे. डब्यावर 'क्लिअर कोटला सुरक्षित' असे लिहिले असावे. रंगीत पॉलिश घेऊ नये. फुटलेल्या कडांत त्याचा काळसर गाळ अडकतो.

२. कार्नौबा की सीलंट? कार्नौबाची चकाकी ओलसर, खोल; ती गडद रंगाला खुलते. सीलंटची चकाकी स्वच्छ असते आणि खालच्या चकत्या उठून दिसतात. दिसण्यातला फरक थोडाच, पण टिकाऊपणात सीलंट सरस. ज्याला दर दोन महिन्यांनी हात फिरवायला सवड नाही, त्याने सीलंटच घ्यावे.

३. गाडी खरोखरच निस्तेज झाली असेल तर सर्वांत बारीक कणांचे, 'फिनिशिंग' म्हणून मिळणारे पॉलिश, तेही हाताने आणि लागेल तेवढ्याच जागी. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडे घासून पाहावे. फडके काळसर झाले तर वार्निश संपले आहे किंवा तेथे साधा रंग आहे. हात तेथेच थांबवावा. कडा आणि उभारलेल्या रेघा यांवर वार्निश सर्वांत पातळ असते. तेथे घासूच नये.

४. शोरूममध्ये सिरॅमिक वा दुसरे कोटिंग सुचवितात. कोटिंग वाईट नाही, पण महाग आहे आणि दगड लागला तर तेही फुटते. घेणार असाल तर आधी मशीन फिरविणार का, ते विचारा. कोऱ्या करकरीत गाडीला कंपाऊंडची गरज काय?

५. अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगविला असेल तर त्यावर महिनाभर तरी मेण लावू नये. रंगाला वाळू द्यावे.

सर्वांत जास्त नुकसान कोरड्या फडक्याने

गळीत हंगामात बॉयलरच्या धुराड्यातून उडणारी काळी राख आसपासच्या गाड्यांवर बसते. बगॅसच्या राखेत सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, पुष्कळ असतो. त्यावर कोरडे फडके मारणे म्हणजे काचकागद फिरविणे. ड्रायव्हर मंडळी सकाळी उठून प्रथम हेच करतात! आधी पाण्याच्या धारेने राख उतरू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात : एकीत कारचा शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण मेण उतरवितात, म्हणून टाळावेत. रॉकेलचे किंवा डिझेलचे पोतेरे फिरवून आणलेली चमक खोटी. त्या तेलकटपणावर तासाभरात धूळ येऊन बसते.

गाडी सावलीत धुवावी आणि लगेच मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपावी, नाहीतर बोअरच्या पाण्यातला क्षार डाग धरतो. धरलाच तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समभाग मिसळून मिनिटभर ओले ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते, उन्हात ती वार्निश खाते. दिसली की ओल्या कापडाने भिजवून उचलावी. उद्यावर टाकू नये.

लावण्याची रीत

गाडी धुऊन पूर्ण वाळवावी. सावलीत आणावी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवावा. खरखर लागली तर आधी क्ले. मग रुपयाच्या नाण्याएवढे मेण ओलसर स्पंजावर घेऊन एकेक भाग करावा. थर पातळ असावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायला मात्र घाम फुटतो. डब्यावर सांगितले तेवढे वाळू द्यावे आणि स्वच्छ फडक्याने पुसावे. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. सीलंट असेल तर एक रात्र पाणी लागू देऊ नये.

वर्षातून दोन वेळा पुरे : एकदा मे महिन्यात पावसाच्या आधी आणि एकदा दसऱ्याच्या आठवड्यात, पूजेपूर्वी आणि बॉयलर पेटण्यापूर्वी. हळद-कुंकवाचे बोट मेण असलेल्या पत्र्यावर लागले तर धुऊन काढणेही सोपे जाते.

आमच्या जीपला आता कोणी मशीन लावीत नाही. ती वजनकाट्याशेजारी उभी असते. ऊस घालायला याल तेव्हा रंगविलेले बॉनेट आणि मूळ रंगाचे दार शेजारी शेजारी पाहा. छटेतला फरक उन्हात आजही दिसतो. तुमच्या गाडीवर तसा दिसू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

— वाहन विभाग