रुपेरी पडद्याच्या मानकरी (भाग ७) : सदाशिवगडची जयश्री

उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यात दिग्गीच्या बाजूला काळी नदी उगम पावते. हीच काळी पुढे घाट उतरून कारवारला पोहोचते आणि सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. त्या गडाजवळच्या कणसगिरी गावात, कोंकणी बोलणाऱ्या घरात, १९४२ साली जयश्री गडकर यांचा जन्म झाला. त्या वेळी उत्तर कन्नड जिल्हा मुंबई प्रांतात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो मुंबईकडेच राहिला. कारवारच्या माणसाला पोटापाण्यासाठी मुंबई गाठणं परगावी गेल्यासारखं वाटायचं नाही. गडकरांची ही मुलगीही लहानपणीच मुंबईत आली आणि नाच शिकली.

गेल्या आठवड्यात आपण फ्रेंच अभिनेत्री झान मोरो यांची ओळख करून घेतली. त्यांची आई पॅरिसच्या फोली बर्जेरमध्ये समूहनर्तिका होती. मोरो स्वतः मात्र रीतसर नाट्यशिक्षण घेऊन विशीच्या आतच ‘कोमेदी फ्रांसेझ’ या मानाच्या नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. जयश्रीबाईंच्या वाट्याला असं शिक्षण आलं नाही. त्यांची सुरुवात थेट घोळक्यातून झाली. व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) पडदा संध्या आणि गोपीकृष्ण यांचा होता. मागे ताल धरणाऱ्या मुलींत जयश्री गडकर होत्या. ‘दिसतं तसं नसतं’मध्ये (१९५६) राजा गोसावी यांच्यासोबत एक नाच वाट्याला आला. समूहात नाचणारीला एक गोष्ट फार लवकर कळते. कॅमेरा आपल्यावर येईल तो क्षणभरच, आणि तेवढ्यात चेहरा बोलला पाहिजे. जयश्रीबाईंच्या पुढच्या सगळ्या कामात ही जाण दिसते.

मग आला ‘सांगत्ये ऐका’. साल १९५९, दिग्दर्शक अनंत माने, कथा गो. गं. पारखे यांची, पटकथा-संवाद व्यंकटेश माडगूळकरांचे, गीतं गदिमांची आणि संगीत वसंत पवारांचं. हंसा वाडकर, सुलोचना, चंद्रकांत, सूर्यकांत अशी कसलेली मंडळी, आणि त्यांच्यात ही सतरा वर्षांची मुलगी. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं! विजयानंदला एकदा लागलेली पाटी उतरेपर्यंत शाळकरी पोरं दोन इयत्ता पुढे गेली असतील.

त्यातली ‘बुगडी’ची लावणी आशा भोसले यांच्या आवाजातली. ती आजही लग्नाच्या वरातीत वाजते, त्यामुळे ती नुसती ऐकण्याची चीज आहे असा समज झाला आहे. ती पडद्यावर पाहायला हवी. पाय तालात पडत असतात, हात कानाकडे जातो, आणि डोळे मात्र समोरच्या बैठकीचा अंदाज घेत असतात. ओळ लाडिक असली तरी नजर सावध आहे. ज्या चित्रपटात पाटलाच्या अन्यायाची गोष्ट पुढे फडावरूनच मांडली जाणार आहे, त्यात ही सावध नजर कथेचाच धागा आहे. लावणीच्या नावाखाली नुसता ठेका आणि ठुमका दाखवणाऱ्यांनी ही दोन-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा पाहावीत.

साधारण याच काळात, १९५८ साली, लुई माल यांच्या ‘असांसर पूर लेशाफो’मध्ये झान मोरो रात्रीच्या शाँजेलिझे रस्त्यावरून चालत होत्या. चेहऱ्यावर मेकअप जवळजवळ नाही, आणि उजेड दुकानांच्या काचांमधून येईल तेवढाच. त्या एका चालण्याने त्यांची पडद्यावरची प्रतिमा ठरून गेली. जयश्रीबाईंची प्रतिमा नऊवारी, घुंगरू आणि भरगच्च दागिन्यांनी ठरली. ‘वैजयंता’ (१९६१) अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीवरचा, ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) नावातच सवाल-जबाब घेऊन आलेला, ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पुन्हा अनंत माने यांचाच. तमाशापट म्हटला की जयश्री गडकर, हे समीकरण पक्कं झालं. टूरिंग टॉकीजच्या तंबूत, जत्रेच्या गर्दीत हे चित्रपट वर्षानुवर्षं फिरले.

पण या समीकरणाने त्यांच्यावर अन्यायही केला, आणि तो दूर व्हायला हवा.

‘मानिनी’ पाहा. १९६१ साल, दिग्दर्शक अनंत मानेच, पण कथा महादेवशास्त्री जोशी यांची. शास्त्रीबुवा गोव्याच्या सत्तरीतले, म्हणजे कारवारचे जवळचे शेजारी. श्रीमंत माहेरी गरीब नवऱ्याचा अपमान होतो आणि मुलगी माहेराकडे पाठ फिरवते, एवढीच गोष्ट. बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने लोकांपुढे आल्या होत्या. त्यांतली ‘अरे संसार संसार’ या चित्रपटात सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात आली. इथे घुंगरू नाहीत आणि समोर बैठकही नाही. स्वाभिमान हा नुसता राहणीतून, पदर खोचून कामाला लागण्यातून दाखवायचा होता. जयश्रीबाईंनी तो दाखवला.

त्यानंतर भालजी पेंढारकर. ‘मोहित्यांची मंजुळा’मध्ये (१९६३) त्यांनी जयश्रीबाईंना शिवकाळात नेलं, तर ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) थेट लोहाराच्या भट्टीसमोर बसवलं. ‘ऐरणीच्या देवा’ हे जगदीश खेबुडकरांचं गीत त्यातलंच. संगीतकार ‘आनंदघन’, म्हणजे खुद्द लता मंगेशकर, आणि घणाचा ठोका चालीतच मुरलेला. सूर्यकांत आणि जयश्री गडकर हे लोहार जोडपं तिथे कष्टालाच देव मानून उभं राहतं. फडावरची ठसकेबाज नायिका आणि ही घामेजलेली लोहारीण यांच्यात एका वर्षाचं अंतर आहे. एवढा पल्ला ज्या अभिनेत्रीचा आहे, तिला ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून एका खणात ठेवणं योग्य नाही.

हिंदीतही त्यांनी ‘ससुराल’सारख्या (१९६१) सामाजिक आणि पुढे अनेक पौराणिक चित्रपटांत कामं केली. तिथे नाव झालं, पण मराठीसारखी भूमिका मिळाली नाही. १९७५ साली अभिनेते बाळ धुरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९८६ साली ‘अशी मी जयश्री’ हे आत्मकथन आलं.

पुढच्याच वर्षी, २५ जानेवारी १९८७ पासून, दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं. त्यात दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. ज्या पिढीने ‘सांगत्ये ऐका’ पाहिलाच नव्हता, तिने कौसल्या म्हणून त्यांना ओळखलं. रामाच्या वनवासाच्या भागात राजाराणीचं दुःख खऱ्या आयुष्यातल्या नवरा-बायकोने उभं केलं होतं, हे ठाऊक असणाऱ्यांना ते दृश्य जास्तच भिडायचं.

मोरो यांनी ‘ल्युमिएर’मधून (१९७६) कॅमेऱ्यामागे पाऊल टाकलं होतं. जयश्रीबाईंनीही नव्वदच्या दशकात दिग्दर्शनात हात घातला: ‘सासर माहेर’ आणि ‘अशी असावी सासू’. दोन्ही कौटुंबिक, दोन्ही त्या काळच्या महिला प्रेक्षकांना समोर ठेवून केलेले. नायिकांच्या वयाबरोबर भूमिका आटत जातात, अशा वेळी चित्रपटाची सूत्रं स्वतःच्या हाती घेणाऱ्या मराठी अभिनेत्री तेव्हा मोजक्याच होत्या. या बाबीची दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही.

२९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मागे सुमारे अडीचशे चित्रपट राहिले. २०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवलं गेलं, तेव्हा नातवंडांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. त्या नातवंडांना ‘मानिनी’ आणि ‘साधी माणसं’ही दाखवायला हवेत.

(पुढील आठवड्यात : हंसा वाडकर. ‘सांगत्ये ऐका’ हे नाव त्यांनी स्वतःच्या आत्मकथनाला दिलं आणि त्यातूनच श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ उभा राहिला.)