वाई ते पोलादपूर: थंडीतली सायकलवाट

अंतर सुमारे 70 किमी. वाईतून निघालं की लगेच पसरणी घाट. पाचगणीपर्यंतच्या साधारण 12 किमीत पाचशेहून अधिक मीटर चढ. इथे घामच येतो, जाड स्वेटर पिशवीत राहू द्या. पुढे स्ट्रॉबेरीचे मळे. महाबळेश्वरी मुक्काम केलात तर पहाटे घाई नको: डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या परिसरात कधी कधी दवबिंदू गोठतात. खरी थंडी बोचते ती आंबेनळी घाटाच्या उतारावर. पाय थांबलेले, वारा समोरून, ब्रेकवरची बोटं बधिर. हातमोजे आणि विंडचीटर हवेतच. (चढाची धास्ती सगळ्यांना, ब्रेकपॅड मात्र कुणी तपासत नाही.) प्रतापगडाचा फाटा वाटेतच लागतो. पोलादपूरला कोकणातली ऊब, भातखाचरं आणि मुंबई-गोवा महामार्ग.