शिश्नमणिशोथ : आधी निदान, मग मलम

पुरुषांच्या जननेंद्रियाचे विकार हा आपल्या व्यवसायातील नित्याचा, तथापि सर्वात कमी चर्चिला जाणारा विषय होय. आधुनिक वैद्यकात ज्यास बॅलनायटिस म्हणतात, तो शिश्नमणीचा शोथ त्यांपैकीच एक. अग्रत्वचाही सुजली असता त्यास बॅलनोपोस्थायटिस अशी संज्ञा आहे. व्याधी सामान्य आहे. परंतु लज्जेमुळे तो उशिरा उघड होतो आणि चुकीच्या मलमामुळे अधिक उशिरा ओळखला जातो.

भोकर परिसरातील आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा "लघवीला आग होते" किंवा "अशक्तपणा वाटतो" एवढेच सांगतो. खरी तक्रार तो उठून निघताना सांगतो. कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून थेट नांदेड गाठणारेही पुष्कळ आहेत. तोपर्यंत औषधी दुकानातील एखादी ट्यूब वापरून झालेली असते. म्हणूनच हा लेख वैद्यांइतकाच औषधविक्रेत्या बंधूंसाठीही आहे.

शास्त्रीय विचार

आपल्या संहितांत या व्याधीस तंतोतंत जुळणारे एकच नाव नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १२ व्या अध्यायात उपदंश, १३ व्या अध्यायात क्षुद्ररोगांमध्ये निरुद्धप्रकश, परिवर्तिका व अवपाटिका आणि १४ व्या अध्यायात १८ शूकदोष वर्णिले आहेत. मणिशोथाची निरनिराळी रूपे या तिन्ही ठिकाणी विखुरलेली आढळतात. उपदंशाच्या हेतूंमध्ये मैथुनानंतर प्रक्षालन न करणे, अस्वच्छ जलाने धुणे, नखदंतादिकांचा आघात आणि वेगधारण यांचा समावेश आहे. हे हेतू आजही तसेच लागू पडतात. मात्र उपदंश म्हणजे सर्वत्र सिफिलिस, असे समीकरण मांडू नये. भावमिश्रांनी फिरंग रोग स्वतंत्रपणे वर्णिला आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

हेतू व लक्षणे

मण्यावर लाली, कंडू, दाह, चकाकणारे पुरळ, अग्रत्वचेखाली दहीसारखा पांढरा स्राव, दुर्गंध व त्वचेला चिरा ही सामान्य लक्षणे होत. कॅन्डिडा नामक बुरशी हे वारंवार आढळणारे कारण आहे. जंतुसंसर्ग, लैंगिक संक्रमण, साबण वा जंतुनाशक द्रवाचा क्षोभ, सोरायसिस व लायकेन स्क्लेरोससपासूनही शोथ होतो. कोट्रायमॉक्साझोल, टेट्रासायक्लिन किंवा वेदनाशामक घेतल्यावर दर वेळी त्याच जागी काळसर लाल चट्टा उठत असेल, तर औषधजन्य विकाराचा संशय घ्यावा.

आपल्या मराठवाड्यात ग्रीष्मातील घाम आणि पाण्याचे दुर्भिक्ष यांचाही विचार करावा लागतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. घागरभर पाण्यात घर चालवणाऱ्या शेतकऱ्याला नुसते "स्वच्छता ठेवा" सांगणे पुरेसे नाही. तांब्याभर स्वच्छ कोमट पाणी, साबणाविना, दिवसातून एकदा आणि नंतर जागा कोरडी करणे, इतके नेमके सांगावे.

प्रमेहाचा शोध

वारंवार होणारा मणिशोथ हे मधुमेहाचे पहिले दृश्य लक्षण असू शकते. अशा प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा तपासावी. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आढळल्यास मधुमेह समजावा. लक्षणे स्पष्ट नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करावी.

याच संदर्भात एक नवी बाब आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. त्यामुळे जननेंद्रियाची बुरशी बळावते. २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यावर ते अनेक कंपन्यांच्या नावाने स्वस्तात मिळू लागले. रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटे मागवून पाहावीत. औषध परस्पर बंद न करता मूळ चिकित्सकास कळवावे.

चिकित्सा

निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा. सौम्य अवस्थेत त्रिफळा किंवा पंचवल्कलाचा ताजा, गाळलेला, कोमट क्वाथ प्रक्षालनासाठी द्यावा. तो रोज नवा करावा. शिळा क्वाथच संसर्गाचे कारण ठरतो. दाह व चिरा प्रबळ असता जागा कोरडी करून शतधौतघृत किंवा जात्यादि घृताचा पातळ लेप योजावा. स्निग्ध द्रव्यांनी लेटेक्सचा निरोध फाटतो, हे रुग्णास अवश्य सांगावे. आभ्यंतर पित्तरक्तप्राधान्यात सारिवा व मंजिष्ठा, तर कंडूप्राधान्यात गंधक रसायन हे आमच्या नित्य वापरातील कल्प होत. अम्ल, लवण, कटु रस, मद्य व दिवास्वाप वर्ज्य करावेत. सात दिवसांत उतार न पडल्यास निदान पुन्हा तपासावे; कॅन्डिडा स्पष्ट असल्यास निव्वळ बुरशीनाशकासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात कमीपणा मानू नये.

निरुद्धप्रकशात सुश्रुताचार्यांनी घृताक्त नाडी प्रवेशित करून तीन-तीन दिवसांनी अधिक स्थूल नाडी योजण्यास सांगितले आहे. क्रमाक्रमाने, बळ न वापरता, हे त्यातील तत्त्व. लहान बालकांची अग्रत्वचा निसर्गतःच चिकटलेली असते. ती ओढून मागे नेण्याचा आग्रह पालकांनी धरू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांनी दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र पसरते, त्वचा पातळ होते आणि मूळ रोगाचे रूप झाकले जाते. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये आणली. चिठ्ठीविना ती देणे कायद्याने निषिद्ध आहे. 'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशा जाहिराती १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याच्या कक्षेत येतात. आपल्या दुकानाच्या भिंतीवर त्या लागू देऊ नयेत.

त्वरित पाठवावे असे रुग्ण

अग्रत्वचा मागे अडकून सूज आल्यास, म्हणजेच परिवर्तिकेत, काही तासांत उपचार आवश्यक ठरतो. मूत्रावरोध, किंवा मधुमेह्यास ज्वरासह वृषण-गुद प्रदेशी तीव्र वेदना व सूज असल्यास विनाविलंब विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. वेदनारहित व्रण असल्यास सिफिलिस व एचआयव्हीची तपासणी करून सहचरीचाही विचार करावा. तीन-चार आठवड्यांत न भरणारा व्रण, ग्रंथी किंवा पांढरा कठीण चट्टा यांची बायॉप्सी व्हावी. शिश्नाचा कर्करोग आरंभी असाच साधा दिसतो, आणि त्या काळात लावलेली प्रत्येक ट्यूब रुग्णाच्या इंद्रियाचा व आयुष्याचा काही भाग हिरावून घेते.

पडदा ओढून, दोन मिनिटे निवांत ऐकून आणि प्रत्यक्ष पाहून केलेली परीक्षा यातील बहुतेक अनर्थ टाळू शकते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा लज्जेपुढे अपुरी राहू नये, एवढीच आमची विनंती आहे.