जुन्या संगणकाचा ताप

गिरणीतून नुकत्याच आणलेल्या पिठात हात घातला तर ते चांगलेच कढत लागते. घरच्या जात्यावरचे पीठ असे तापत नसे. वेग वाढला की ताप वाढायचाच. जुने संगणक हौसेने जपणाऱ्या मंडळींना तर या नियमाशी रोजच झगडावे लागते.

कमोडोर कंपनीने १९९२ साली अमिगा १२०० हा संगणक बाजारात आणला. त्याचा मूळ प्रोसेसर सेकंदाला सुमारे १ कोटी ४० लाख ठोक्यांवर चाले. १९९४ मध्ये कंपनी बुडाली. पण यंत्राच्या पोटाशी झाकण असलेला एक कप्पा होता आणि त्यात नवे कार्ड बसवून वेग वाढविता येत असे. फेज फाइव्ह या जर्मन कंपनीच्या ब्लिझर्ड १२६० कार्डावर मोटोरोलाचा ६८०६० हा प्रोसेसर ५ कोटी ठोक्यांनी, म्हणजे ५० मेगाहर्ट्झने धावतो. पण एवढ्यावर समाधान मानील तो हौशी कसला! कार्डावरील ठोके देणारा स्फटिक काढून तेथे ६६चा बसवावयाचा, की काम फत्ते!

ते तसे फत्ते होत नाही. विद्युद्दाब तोच ठेवला तरी ठोक्यांबरोबर उष्णता साधारण एकतृतीयांशाने वाढते. दाब दहा टक्के चढविलात तर त्यावर आणखी एकवीस टक्क्यांची भर, कारण येथे हिशेब दाबाच्या वर्गाचा असतो. त्यातही सगळे ६८०६० सारखे नव्हेत. आरंभीच्या आवृत्त्या लवकर तापतात. उलट सहावी आवृत्ती थंड राहते आणि पुष्कळदा ८० ते १०० मेगाहर्ट्झपर्यंत निभावते. म्हणूनच जुनी अक्षरे खरवडून नवी छापण्याचा उद्योग बाजारात चालतो. खरेदी करताना झाकणावरील छपाई भिंगाखाली पाहावी, हे आम्ही आग्रहाने सांगू.

थंडाव्याबाबत पुष्कळांची समजूत अशी की पंखा मोठा बसविला म्हणजे चिंता मिटली. आम्हांस हे पटत नाही. प्रोसेसर आणि त्यावरची धातूची पंखेदार पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी हवा राहिली तरी उष्णता अडते, कारण हवा उष्णतेची मंदवाहक. ती फट भरण्यापुरताच लेप पातळ लावावा; थापलेला लेप उलट वाट अडवितो. शिवाय बंद कप्प्यात पंखा तीच तापलेली हवा फिरवीत बसतो. झाकण काढून यंत्राला खालून पाय लावले, तर लहानसा पंखाही पुरतो.

यंत्र चालू करताच अडखळले, तर दोष बहुधा वेगाचा. ठोक्यांशी मेमरीला जुळवून घेता येत नाही. अर्ध्या तासाने थांबले आणि निवल्यावर पुन्हा चालले, तर तो तापाचा. पहिल्या प्रकारात पंख्यावर पैसे घालवू नयेत. दुसऱ्यात लेप व हवेची वाट आधी तपासावी, आणि तरीही सुधारले नाही तर ५०चा मूळ स्फटिक परत बसवावा. तो जपून ठेवलेला असावा हे बरे, कारण ६८०६० आता नव्याने तयार होत नाही आणि जळालेला प्रोसेसर दुरुस्तही होत नाही.