भरणीचा वेग : अंगठा, पट्टी आणि मेजावरचे यंत्र
(लेखमाला : शस्त्रांची यंत्ररचना, लेखांक नववा)

मागील लेखांकात अर्धस्वयंचलित रायफलीच्या अंतर्गत क्रियेचे विवेचन झाले. गोळी सुटताच निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने बोल्ट मागे सरकतो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागच्या कोठीत ढकलतो. या साखळीतील प्रत्येक क्रिया यंत्र स्वतःच पार पाडत असल्यामुळे ३० काडतुसांचे मॅगझिन, प्रत्येक गोळीला नेम धरूनही, मिनिटाभरात रिकामे होऊ शकते; परंतु रिकामे मॅगझिन पुन्हा भरण्याचे काम या साखळीच्या बाहेर राहते आणि ते बहुतेक वेळा माणसाच्या अंगठ्यावर येऊन पडते. शस्त्रांच्या इतिहासात गोळीबाराच्या वेगाचे कौतुक पुष्कळ झाले, भरणीच्या वेगाकडे मात्र फार थोड्यांनी लक्ष दिले, आणि तरीही पहिला वेग किती काळ टिकेल हे दुसऱ्यावरच ठरते. या भरणीचा, आणि ती जलद करण्यासाठी मेजावर बसवल्या जाणाऱ्या यंत्राचा, विचार प्रस्तुत लेखांकात केला आहे.

मॅगझिन ही पत्र्याची किंवा टणक प्लास्टिकची पेटी असून तिच्या तळाशी स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या डोक्यावर काडतुसांना वर ढकलणारी एक सरकती पाटी असते. पेटीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंच्या कडा आतल्या अंगाला वळवलेल्या असतात, त्यांना मॅगझिनचे ओठ म्हणतात. स्प्रिंग काडतुसांना सतत वर लोटत असताना ती बाहेर उसळू नयेत, आणि बोल्टचा धक्का बसताच मात्र वरचे एक काडतूस पुढे निसटावे, अशी दुहेरी जबाबदारी या ओठांवर असते. भरताना नेमका याच रचनेशी झगडा करावा लागतो. प्रत्येक नवे काडतूस ओठांच्या पलीकडे दाबताना त्याखालची सगळी रास आणि स्प्रिंग खाली रेटावी लागते, आणि स्प्रिंग जितकी दबते तितका तिचा विरोध वाढतो, हा रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात मांडलेला नियम येथे अंगठ्याला प्रत्यक्ष जाणवतो. पहिली दहा काडतुसे सहज जातात, दुसऱ्या दहांना जोर लागतो, आणि अखेरच्या पाच-सहांच्या वेळी अंगठ्याचे पेर पितळेच्या कडेवर इतके रुतते की चार-पाच मॅगझिने भरल्यावर बोट हुळहुळू लागते व नखाखाली ठणका बसतो. थंडीत किंवा पावसात ओल्या हातांनी हे काम अधिकच मंदावते.

सर्व मॅगझिनांची भरणी सारखी नसते. आर्मालाइट घराण्यातील रायफलींत आणि कलाश्निकोव्हमध्ये काडतुसे पेटीत दोन रांगांत एकाआड एक रचलेली असतात आणि तोंडाशीही ती आळीपाळीने डाव्या-उजव्या ओठाखालून निघतात. अशा मॅगझिनमध्ये काडतूस वरून सरळ खाली दाबले तरी ते ओठ ओलांडून आत बसते. याउलट दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्टेनगनच्या ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये दोन रांगा तोंडाशी येऊन एकाच रांगेत मिळतात, त्यामुळे आधीचे काडतूस खाली दाबून धरायचे आणि नवे पुढून मागे सरकवायचे, अशा दोन हालचाली दर गोळीमागे कराव्या लागतात, आणि निमुळत्या तोंडाशी होणाऱ्या घर्षणाने विरोध आणखी वाढतो. नुसत्या हाताने हे मॅगझिन पुरते भरणे इतके कठीण होते की तरफेसारखे दाबण्याचे एक छोटे साधन स्टेनसोबतच दिले जाई. दुहेरी तोंडाच्या मॅगझिनला एकाच दिशेचा दाब पुरतो, ही गोष्ट पुढे मेजावरच्या यंत्रासाठी निर्णायक ठरली.

भरणीचे काम सैनिकाच्या अंगठ्यावरून कारखान्याकडे सोपवण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १८९९ ते १९०२ या काळातील बोअर युद्धात बोअर नेमबाजांच्या मॉझर रायफली पाच काडतुसांच्या पट्टीने एका दाबात भरल्या जात, तर समोरचा ब्रिटिश शिपाई आपल्या रायफलीत एकेक काडतूस घालत बसे. चार्जर या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी म्हणजे काडतुसांची बुडे पकडून ठेवणारी पत्र्याची पन्हळ होय; ती रायफलीवरच्या खाचेत उभी धरून काडतुसांवर अंगठा दाबला की पाचही काडतुसे मॅगझिनमध्ये उतरतात आणि रिकामी पन्हळ फेकून देता येते. या युद्धाचा धडा घेऊन ब्रिटिशांनी १९०३ साली स्वीकारलेल्या आखूड ली-एनफिल्ड रायफलीत चार्जरची सोय आणली गेली. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश सैन्यात ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमके बार काढण्याची जी कसोटी होती, ती मिनिटाच्या आत पट्ट्यांनी पुन्हा भरणी झाल्यावाचून पार पडणेच शक्य नव्हते.

या व्यवस्थेशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात पुढे ली-एनफिल्डची ·३०३ ची काडतुसे बनू लागली आणि त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही कारखान्याची आद्याक्षरे उमटवली जात. ब्रिटिश आणि हिंदी शिपायाला ही काडतुसे ज्या साध्या सुती खांदपट्ट्यातून मिळत, त्याला पाच कप्पे असत आणि प्रत्येक कप्प्यात दोन चार्जर, म्हणजे एकूण ५० काडतुसे असत. ·३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असल्यामुळे ती एकमेकांत अडकण्याचा धोका असे, म्हणून चार्जरमध्ये ती कडा आळीपाळीने वर-खाली येतील अशा क्रमाने रचली जात, आणि पट्टी कुठल्याही बाजूने लावली तरी चालावे हा त्यात आणखी एक लाभ होता. अंधारात किंवा घाईत चाचपडणाऱ्या हाताचा इतका बारीक विचार क्वचितच झालेला दिसतो.

मशीनगनने हा प्रश्न निराळ्याच प्रमाणावर आणून ठेवला. १९१२ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली व्हिकर्स मशीनगन २५० काडतुसांच्या कापडी पट्ट्यावर चाले आणि मिनिटाला सुमारे ५०० च्या वेगाने असा एक पट्टा अर्ध्या मिनिटात संपे. पट्ट्याच्या शिवलेल्या कप्प्यांत हाताने काडतुसे खुपसणे कष्टाचे होते. शिवाय सर्व काडतुसे एकाच खोलीवर बसली नाहीत तर तोफ अडकत असे, आणि कापड भिजून आकसले की कप्पे आवळून बसत. यासाठी पट्टा भरण्याचे एक स्वतंत्र यंत्र मेजावर किंवा खोक्यावर पक्के बसवले जाई: वरच्या पन्हळीत काडतुसे ओतायची आणि बाजूची दांडी फिरवायची, म्हणजे यंत्र कप्पा उघडून एकेक काडतूस नेमक्या खोलीवर आत ढकलत पट्टा पुढे सरकवी. सॉमच्या लढाईत २४ ऑगस्ट १९१६ रोजी हाय वुड येथे शंभराव्या मशीनगन कंपनीने दहा तोफांतून बारा तास मारा केला आणि जवळजवळ दहा लाख गोळ्या झाडल्या, असे वर्णन तिच्या अधिकाऱ्याने नंतर लिहून ठेवले. अभ्यासकांनी या आकड्याबद्दल शंका घेतली आहे. परंतु तो एक दशांशावर आणला तरी ४०० पट्टे भरावे लागले असणार, आणि ते भरणारे हात गोळी झाडणाऱ्या हातांइतकेच त्या लढाईत गुंतलेले होते. युद्धवर्णनांत या हातांना फारशी जागा मिळत नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

भरलेली मॅगझिने जवळ असली तरी ती बदलण्याइतकी उसंत प्रत्येक वेळी मिळते असेही नाही. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका तुकडीचे नेतृत्व करत असताना मशीनगनच्या माऱ्यात त्यांचे सर्व सहकारी ठार किंवा जखमी झाले. तेव्हा ते एकटेच शत्रूच्या मोर्चावर चालून गेले, हातबॉम्ब टाकून त्यांनी तोफ बंद पाडली आणि आपल्या टॉमीगनने एका शत्रुसैनिकाला टिपले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात पुढे असे नमूद आहे की मॅगझिन बदलायला अवधी नसल्यामुळे त्यांनी बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. त्यानंतर आडून झालेल्या गोळीबारात त्यांना वीरमरण आले. टॉमीगनचे २० गोळ्यांचे मॅगझिन सलग चाप दाबल्यास सुमारे दोन सेकंदांत संपते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या क्षणाची निकड कळते.

महायुद्धानंतर सुट्या मॅगझिनच्या रायफली सर्वत्र रूढ झाल्या आणि पट्टीचे स्थान रायफलीवरून मॅगझिनच्या तोंडाकडे आले. अमेरिकी एम-१६ रायफलीची ५·५६ मिलिमीटरची काडतुसे दहा-दहांच्या पट्ट्यांत बांधून पाठवली जातात. मॅगझिनच्या मागच्या बाजूला एक छोटी वाटाडी पन्हळ अडकवायची, तीत पट्टी बसवायची आणि वरच्या काडतुसावर जोर द्यायचा, म्हणजे तीन पट्ट्यांत ३० चे मॅगझिन भरते. नागरी नेमबाजाला मात्र काडतुसे बहुधा खोक्यात सुटी मिळतात. अमेरिकेत चांदमारीच्या मैदानावर एका सकाळी काही शे गोळ्या झाडणारे हौशी नेमबाज पुष्कळ आहेत, आणि मेजावर ठेवून वापरायचा आधुनिक भरणीयंत्राचा प्रकार मुख्यतः त्यांच्या गरजेतून फोफावला. इस्रायलमधील मॅगलुला ही कंपनी अशा साधनांसाठी विशेष ओळखली जाते.

या यंत्राची कल्पना साधी आहे. लांबट पन्हळीच्या एका टोकाला मॅगझिन आडवे अडकवलेले असते, त्याचे तोंड पन्हळीकडे असते, आणि पन्हळीत काडतुसे टोके एका दिशेला करून शेजारी शेजारी, एकमेकांना टेकून मांडली जातात. ५·५६ च्या काडतुसाचे बूड ९·६ मिलिमीटर रुंद असल्याने ३० काडतुसांची ही ओळ सुमारे २९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट लांब होते. दुसऱ्या टोकाकडून मुठीचा दट्ट्या सरकवला की ती ओळ मॅगझिनच्या तोंडात शिरते आणि प्रत्येक काडतूस ओठ ओलांडताच आळीपाळीने डाव्या-उजव्या रांगेत जाऊन बसते. वर सांगितलेल्या दुहेरी तोंडामुळेच हे साधते. स्प्रिंगचा विरोध येथेही तितकाच असतो, मात्र तो आता अंगठ्याच्या टोकाऐवजी तळवा, मनगट आणि खांदा पेलतात, आणि उलट दिशेचा रेटा मेज सोसते, म्हणून मॅगझिन दुसऱ्या हाताने आवळून धरावे लागत नाही. यंत्र मेजाला पक्के जखडलेले नसले किंवा त्याच्या तळाशी घसरण रोखणारे रबर नसले, तर हा लाभ बराचसा वाया जातो.

निमुळत्या काडतुसांच्या बाबतीत एक अडचण येते. कलाश्निकोव्हचे ७·६२ × ३९ हे काडतूस बुडाशी रुंद व पुढे निमुळते असल्यामुळे त्यांची ओळ सरळ न राहता कमानीसारखी वळते. या रायफलीचे मॅगझिन वाकडे असते त्याचेही हेच कारण आहे. त्यामुळे एका जातीच्या काडतुसासाठी बनवलेली पन्हळ दुसऱ्या जातीला चालतेच असे नाही, आणि खरेदी करताना मॅगझिनची जात व काडतुसाचे माप दोन्ही जुळवून पाहावे लागते.

वेगाच्या बदल्यात एक गोष्ट हातची जाते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. अंगठ्याने भरताना प्रत्येक काडतूस बोटांत येते, त्यामुळे चेपलेले टरफल, आत दबलेली गोळी किंवा बुडातली उचलून आलेली टोपी तत्काळ हाताला लागते. यंत्रात ३० काडतुसे एका रेट्यात आत जातात आणि सदोष काडतूस रायफलीत अडकल्यावरच लक्षात येते. सदोष काडतूस झाडले जाण्याचा धोका तर याहूनही गंभीर असतो. म्हणून जाणते नेमबाज ओळ मांडून झाल्यावर दट्ट्याला हात लावण्यापूर्वी सगळ्या बुडांवरून एकदा बोट फिरवतात, तिरपे बसलेले काडतूस सरळ करतात आणि संख्या मोजतात. संख्येचे कारण यांत्रिक आहे: मॅगझिन काठोकाठ भरलेले असताना बंद बोल्टखाली ते बसवायचे झाल्यास वरच्या काडतुसाला किंचित खाली दबावे लागते, आणि स्प्रिंगमध्ये तेवढी जागा उरली नसेल तर मॅगझिनची कडी लागत नाही. ब्रेनगनच्या ३० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये बहुधा २८ च भरल्या जात, आणि आजही ३० च्या मॅगझिनसाठी पन्हळीत २८ काडतुसेच मांडणारे नेमबाज आढळतात.